खऱ्या लायब्ररीची 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम'

सेकंड इयरच्या डीबीएमएस मिनी-प्रोजेक्टची यादी बोर्डावर लागली की त्यात एक नाव हमखास असतं. 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम'. विषय सोपा वाटतो, सिनियर्सकडे तयार रिपोर्ट असतो, आणि एक्स्टर्नलही फार प्रश्न विचारत नाहीत. लॉगिनचं पान, 'ॲड बुक', 'इश्यू बुक', 'रिटर्न बुक' अशी चार बटणं, मागे तीन टेबलं. सबमिशन झालं, जर्नलवर सही झाली, संपला विषय.

गंमत अशी की यातला एकही प्रोजेक्ट खऱ्या लायब्ररीत चालत नाही. आजकाल तर असा कोड एआयची साधनं दोन मिनिटांत लिहून देतात, तरीही तो चालत नाही. कारण अडचण कोडमध्ये नसतेच. अडचण ही असते की प्रोजेक्ट करणाऱ्यांपैकी कुणीच लायब्ररीतल्या काउंटरच्या पलीकडे जाऊन तिथलं काम पाहिलेलं नसतं.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे : वेब डेव्हलपमेंट शिकायची असेल तर लायब्ररीइतकी चांगली प्रयोगशाळा आपल्या कॅम्पसमध्ये दुसरी नाही. आणि त्यातही मराठी पुस्तकांचं कपाट ही सगळ्यात कठीण, म्हणून सगळ्यात उपयोगाची परीक्षा आहे. एचटीएमएल, एसक्यूएल, युनिकोड, सिक्युरिटी हे सगळं या एका कामात येतं. शिवाय काम नीट झालं तर वापरणारी माणसंही समोरच असतात.

पायरी पहिली : काउंटरच्या पलीकडे

कोड लिहिण्याआधी ग्रंथपाल सरांची किंवा मॅडमची परवानगी घेऊन दोन दुपारी लायब्ररीत बसा. नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला की काय होतं ते बघा. बिल तपासलं जातं, पुस्तकावर शिक्का बसतो, दाखल नोंदवहीत एक ओळ लिहिली जाते आणि पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. मग वर्गांक ठरतो, पाठीवर लेबल चिकटतं, बारकोड लागतो, आणि मगच पुस्तक कपाटात जातं.

वर्गांक म्हणजे पाठीवरचा तो आकडा. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली काढलेली दशांश पद्धत आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत वापरतात. त्यात ६२० म्हणजे इंजिनिअरिंग, ६२१.३ इलेक्ट्रिकल, ६२१.३८१ इलेक्ट्रॉनिक्स, ००५.१३३ म्हणजे प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस, आणि ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. कपाटात ६२१.३८१ हे पुस्तक ६२१.४ च्या आधी लागतं. दशांश आहे हे विसरून '३८१ मोठा की ४ मोठा' असा विचार करणारे पुस्तक भलत्याच फळीवर ठेवून जातात. आणि चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक. कॉम्प्युटर 'आहे' म्हणतो, कपाट 'नाही' म्हणतं.

हे सगळं पाहिल्यावर पहिला धडा मिळतो. लायब्ररीतली प्रत्येक नोंद उद्या कुणीतरी शोधणार आहे म्हणून केलेली असते. आपण डेटाबेस करतो तो 'साठवायला'. लायब्ररी नोंद करते ती 'सापडायला'. या दोन शब्दांतला फरक पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागू आहे.

पायरी दुसरी : एक्सेलची करामत

लायब्ररीची यादी बहुतेक वेळा एक्सेल शीटमध्ये मिळते. 'एक्सेल काय, येतंच की' असं म्हणून पुढे जाऊ नका. एक्सेल आपल्याला न विचारता बरंच काही करतं. वर्गांक ००५.१३३ टाइप केला की त्याला तो नंबर वाटतो आणि पुढची दोन शून्यं उडतात. शून्याने सुरू होणारा जुना दहा आकडी आयएसबीएन नऊ आकडी होतो. तेरा आकडी आयएसबीएन अरुंद कॉलममध्ये दशांश चिन्ह आणि 'ई' असलेल्या वैज्ञानिक रूपात दिसायला लागतो, आणि फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर शेवटचे आकडे गेलेच समजा. उपाय साधा आहे : यादी भरण्याआधीच त्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' करून ठेवायचा. नियम लक्षात ठेवा, ज्या आकड्याची आपण बेरीज-वजाबाकी करणार नाही तो नंबर नव्हेच, ते नाव आहे. आपला पीआरएन आणि मोबाइल नंबरही यातच येतात.

आयएसबीएनचा शेवटचा आकडा हा तपासणीचा आकडा असतो, हे किती जणांना माहीत आहे? उदाहरण घेऊ : ९७८०३०६४०६१५७. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा आणि बेरीज करा. ९ + २१ + ८ + ० + ३ + ० + ६ + १२ + ० + १८ + १ + १५ = ९३. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे १०० ला, ७ कमी पडतात. म्हणून शेवटचा आकडा ७. टाइप करताना कुठलाही एक आकडा चुकला तर ही बेरीज जुळत नाही. पाच ओळींचं फंक्शन आहे. पण यादीवर चालवलं की चुकीच्या नोंदी लगेच वेगळ्या निघतात.

आता याच्यातली फट बघा. याच नंबरातले शेजारचे ६ आणि १ उलटसुलट टाइप झाले तर? १८ + १ च्या जागी ३ + ६ येतात. बेरीज ९३ ऐवजी ८३ होते आणि तपासणीचा आकडा पुन्हा ७ च येतो! शेजारच्या दोन आकड्यांत ५ चा फरक असेल तर ही अदलाबदल तेरा आकडी पद्धतीला कळत नाही. जुनी दहा आकडी पद्धत ११ ने भागून तपासायची, तिला अशी प्रत्येक अदलाबदल कळायची. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला तो दुकानांतल्या बारकोडशी जुळावा म्हणून. थोडक्यात, सोयीसाठी थोडी सुरक्षा सोडली. इंजिनिअरिंगमधला 'ट्रेड-ऑफ' म्हणतात तो हाच. व्हायव्हात विचारलं तर सांगायला बरं.

यादी साफ करायला 'ओपनरिफाइन' नावाचं मोफत सॉफ्टवेअर जरूर शिका. एकाच प्रकाशकाचं नाव कुठे 'अँड सन्स', कुठे 'ॲन्ड सन्स', कुठे शेवटी टिंब, कुठे दोन स्पेस. अशी सारखी दिसणारी नावं ते गटागटाने समोर ठेवतं आणि 'ही एकच का?' असं विचारतं. उत्तर मात्र आपण द्यायचं, आणि शंका आली तर ग्रंथपालांना विचारून द्यायचं.

पायरी तिसरी : पुस्तक वेगळं, प्रत वेगळी

मिनी-प्रोजेक्टमधलं नेहमीचं टेबल आठवा : बुक-आयडी, नाव, लेखक, क्वांटिटी. इश्यू झालं की क्वांटिटीतून एक वजा, परत आलं की एक मिळवा. खऱ्या लायब्ररीत हे पहिल्याच दिवशी मोडतं. समजा स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सच्या एकाच पुस्तकाच्या सात प्रती आहेत. एक बाइंडिंगला गेली, एक बुक बँकेतून अख्ख्या सेमिस्टरसाठी दिली, एक फक्त रीडिंग रूममध्ये बसून वाचायची, एकीची मधली पानं कुणीतरी ब्लेडने कापून नेली. आता 'क्वांटिटी : ७' या आकड्याला काय अर्थ राहिला?

म्हणून दोन टेबलं लागतात. 'पुस्तक' या टेबलात नाव, लेखक, आवृत्ती, वर्गांक. 'प्रत' या टेबलात दाखल क्रमांक, बारकोड, कपाट, सद्यःस्थिती. एका पुस्तकाला अनेक प्रती. 'देवघेव' हे तिसरं टेबल, ते प्रतीला आणि सभासदाला जोडतं, पुस्तकाला नाही. वर्गात वन-टू-मेनी आणि नॉर्मलायझेशनची व्याख्या आपण पाठ करतो. इथे ती का लागते ते दिसतं. कागदावर हे काम दाखल नोंदवही फार पूर्वीपासून करत आली आहे : प्रत्येक प्रतीला स्वतंत्र ओळ, स्वतंत्र क्रमांक, आणि तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. प्रायमरी की आणखी वेगळी काय असते?

पायरी चौथी : मराठी कपाटाची परीक्षा

आता मुख्य मुद्दा. इंग्रजी पुस्तकांसाठी वरच्या तीन पायऱ्यांत बरंचसं काम भागतं. मराठी पुस्तक आलं की खरी मजा सुरू होते.

पुष्कळ ठिकाणी मराठी पुस्तकांची नावं यादीत रोमन लिपीत टाइप केलेली असतात. मग 'छावा' शोधणाऱ्याने स्पेलिंग काय करायचं? 'सी' नंतर एक 'एच' की दोन? 'ज्ञ' ला 'डी-एन-वाय' लिहायचं की 'जी-वाय'? ज्याने यादी केली त्याच्या मनातलं स्पेलिंग आपल्याला ओळखता आलं तरच पुस्तक सापडणार. जुन्या याद्यांत आणखी एक भानगड असते. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये व्हायचं. स्क्रीनवर मराठी दिसायचं, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती खिचडी. अशा याद्या आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्या लागतात आणि मग डोळ्यांनी तपासाव्या लागतात.

बरं, यादी युनिकोडमध्ये आली म्हणजे सुटलो का? नाही. एक शब्द घ्या : 'कादंबऱ्या'. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. मशीनला मात्र ती काना, अनुस्वार, हलन्त असे सुटे क्रमांक दिसतात. आणि आपला खास मराठी 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर तो नुक्ता असलेला 'र', हलन्त आणि 'या' असा बनतो. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त, मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह आणि 'या'. पहिल्या प्रकारात शब्दाचे ९ क्रमांक होतात, दुसऱ्यात १०. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक क्रमांक ३ बाइट घेतो, ते न दिसणारं चिन्हही ३ बाइट घेतं. म्हणजे एक शब्द २७ बाइटचा, दुसरा ३० बाइटचा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. यादी करणाऱ्याने एक वापरला आणि शोधणाऱ्याने दुसरा, तर उत्तर येतं : 'नो रेकॉर्ड्स फाउंड'.

हीच गोष्ट 'ॲ' ची. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत 'ॲ' ला स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी तो 'अ' वर चंद्र देऊन लिहायचे, आणि आजही कुणी तसा लिहू शकतं. दिसायला तेच, आत वेगळं.

पुढे शुद्धलेखन. 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' दोन्ही चालतात. १९६२ साली राज्य शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव' असे अनुस्वार आहेत, आणि ग्रंथपाल शीर्षकपानावर छापलंय तसंच लिहितात. तेच बरोबर आहे. पण आज शोधणारा 'काही' असं लिहिणार. त्यात आमच्यासारखी कॉन्व्हेंटची मंडळी, जी मराठी छान बोलतात पण वेलांटी पहिली की दुसरी याचा विचार करत बोट कीबोर्डवर अधांतरी धरून बसतात. शुद्धलेखनाची परीक्षा पास झाल्यावरच पुस्तक मिळणार असेल तर आम्ही मराठी कपाटाकडे फिरकणारच नाही.

यात खरं नुकसान काय होतं ते लक्षात घ्या. पुस्तक शोधात येत नाही, म्हणून ते इश्यू होत नाही. इश्यू होत नाही, म्हणून वर्षअखेरीच्या आकड्यांत 'मराठी पुस्तकांना मागणी नाही' असं दिसतं. मागणी नाही, म्हणून पुढच्या वर्षी नवीन घेतली जात नाहीत, आणि जुनी एक दिवस माळ्यावर जातात. वाचणारी मुलं वरच्या मजल्यावरच्या हॉस्टेलमध्येच असतात. एका न दिसणाऱ्या चिन्हामुळे पुस्तकाची आणि त्यांची भेट होत नाही.

उपाय काय? मूळ नावाला हात लावायचा नाही. 'पुस्तक' टेबलात आणखी एक कॉलम करायचा, त्याला आपण 'शोधरूप' म्हणू. एक छोटं फंक्शन लिहायचं, ते नावाचं शोधरूप बनवेल :

१. न दिसणारी जोडचिन्हं काढून टाक.
२. नुक्ता असलेल्या 'र' चा साधा 'र' कर.
३. 'अ' वर चंद्र असेल तर त्याचा एकच ठरलेला 'ॲ' कर.
४. दीर्घ वेलांटी-उकार ह्रस्व कर.
५. अनुस्वार आणि त्याच्या जागी येणारे अर्धे 'ङ', 'ञ', 'ण', 'न', 'म' गाळ.

वाचक शोधायला जो शब्द टाइप करेल तोही याच फंक्शनमधून जाऊ द्यायचा आणि शोधरूपाशी ताडून बघायचा. मग 'ग्रंथ', 'ग्रन्थ', 'कांहीं', 'काही', सगळे आपापल्या जोडीदाराला भेटतात. पण पानावर दाखवायचं ते मूळ, ग्रंथपालांनी लिहिलेलं नाव.

याची किंमतही आहे. या नियमांनी 'दिन' आणि 'दीन' एकच होतात, 'सुत' आणि 'सूत' एकच होतात. पाचव्या नियमाने तर 'अन्न' मधला अर्धा 'न' ही जाईल. म्हणून यादी दाखवताना मूळ शब्दाशी तंतोतंत जुळणारी पुस्तकं वर, बाकीची खाली. एखादं नको असलेलं पुस्तक यादीत दिसलं तर वाचक ते सोडून देतो. हवं ते दिसलंच नाही तर तो लायब्ररी सोडून जातो.

शेवटचा बारकावा क्रमाचा. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर. नुसतं क्रमांकाप्रमाणे सॉर्टिंग केलं तर 'काळ' हा शब्द 'काव्य' च्या आधी येतो, मराठी शब्दकोशात नंतर. डेटाबेसला मराठीचा क्रम वेगळा सांगावा लागतो.

पायरी पाचवी : एक माणूस, तीन नावं

लेखकांची नावं हा वेगळाच विषय आहे. राम गणेश गडकरी यांनी कविता 'गोविंदाग्रज' नावाने लिहिल्या आणि विनोदी लेख 'बाळकराम' नावाने. 'कुसुमाग्रज' म्हणजे वि. वा. शिरवाडकर. 'केशवसुत' म्हणजे कृष्णाजी केशव दामले. 'ग्रेस' म्हणजे माणिक गोडघाटे. शिरवाडकर शोधणाऱ्याला कुसुमाग्रजांच्या कविताही दिसायला हव्यात. उलटंही होतं. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या आणि बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) खानदेशातल्या. नाव एक, माणसं दोन.

ग्रंथपाल यासाठी प्रत्येक लेखकाची एक अधिकृत नोंद ठेवतात आणि बाकीची नावं तिच्याकडे बोट दाखवतात. आपल्या भाषेत : 'लेखक' हे वेगळं टेबल, 'लेखकाची नावं' हे आणखी वेगळं, आणि पुस्तक जोडायचं ते लेखकाच्या आयडीला, नावाला नाही. मला विचाराल तर फॉरेन की मला लेक्चरपेक्षा गडकऱ्यांमुळे जास्त नीट कळली.

पायरी सहावी : पान आणि कुलूप

आता वेब पेज. इथे उगाच सजावट नको. एक मोठा शोधखाना, खाली यादी, प्रत्येक पुस्तकासमोर तीन गोष्टी : वर्गांक, कपाट, प्रत आहे की बाहेर गेली आहे. मोबाइलवर नीट दिसायला हवं, कारण हॉस्टेलवर आपण सगळं मोबाइलवरच बघतो. पानावर, डेटाबेसमध्ये आणि दोघांमधल्या कनेक्शनमध्ये, तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ठरवून द्या. एक जरी राहिलं तरी मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८-एमबी-४' हा पर्याय घ्या.

शोधखान्यात वाचकाने लिहिलेला मजकूर सरळ एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवू नका. कुणीतरी तिथे एसक्यूएलच लिहील आणि तुमचं टेबल घेऊन जाईल. यासाठी पॅरामीटर वापरतात. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आणि एक गोष्ट ज्याबद्दल मिनी-प्रोजेक्टमध्ये कुणी बोलत नाही : कोणतं पुस्तक कोणाकडे आहे हे सगळ्यांना दिसता कामा नये. 'बाहेर गेले आहे, अमुक तारखेला परत येईल' एवढं पुरे. एखादी मुलगी आजाराबद्दलचं पुस्तक नेते, एखादा मुलगा ब्रँच बदलायच्या विचाराने दुसऱ्याच विषयाचं पुस्तक नेतो. ते त्यांचं त्यांच्याकडे राहू द्यावं. २०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला आहे. पण कायदा नसता तरी काउंटरवरचे काका कुणी काय नेलं हे चारचौघांत ओरडून सांगत नाहीत. सॉफ्टवेअरनेही सांगू नये.

पायरी सातवी : तयार आहे ते आधी बघा

एवढं स्वतः करून पाहिल्यावर मग तयार सॉफ्टवेअर उघडा. आधी उघडलंत तर नुसता मेनू दिसेल, आता त्यातला विचार दिसेल.

'कोहा'ची गोष्ट तर आपल्यासाठीच आहे असं वाटतं. १९९९ साली न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती. त्यांनी कटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून वेबवर चालणारी नवी सिस्टिम करून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि त्यांनी ती सगळ्यांसाठी मोफत, सोर्स कोडसकट खुली केली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, पण परतफेडीची जाण असलेली भेट. आज ती जगभर वापरली जाते, भारतातल्या कॉलेजांतही. पर्लमध्ये लिहिलेली आहे, लिनक्सवर चालते. लॅबमधल्या एखाद्या सुट्या पीसीवर ती टाकून बघा. देवनागरी शोध नीट हवा असेल तर इंडेक्सिंगसाठी 'आयसीयू' ही पद्धत निवडायची, एवढं लक्षात ठेवा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'सोल' आणि एनआयसीचं 'ई-ग्रंथालय' हीदेखील आपल्याकडची सॉफ्टवेअर्स. आपल्या लायब्ररीत यातलं जे असेल ते ग्रंथपालांकडून समजून घ्या.

या सगळ्यांच्या पोटात 'मार्क' नावाची नोंदीची पद्धत असते. त्यात प्रत्येक गोष्टीला नंबर : ०२० आयएसबीएन, १०० लेखक, २४५ पुस्तकाचं नाव, ६५० विषय. आणि ८८० हा खास रकाना मूळ लिपीसाठी. म्हणजे २४५ मध्ये रोमन नाव आणि त्याला जोडलेल्या ८८० मध्ये देवनागरी नाव, दोन्ही एकाच नोंदीत राहू शकतात. सोय आहे, फक्त कुणीतरी बसून ती भरायला हवी.

'मार्क' तयार करणाऱ्या हेन्रिएट एव्हरॅम या प्रोग्रॅमर होत्या, ग्रंथपाल नव्हत्या. १९६५ साली त्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रुजू झाल्या, तालिका कार्डावरची प्रत्येक ओळ का लिहिली जाते हे शिकून घेतलं आणि मग ती मशीनसाठी बसवली. आपल्याकडचे डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. शिकायला लंडनला गेले असताना एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून, सुटे भाग जोडून विषयाचा क्रमांक बनवायची कल्पना त्यांना सुचली. तीच त्यांची १९३३ ची कोलन वर्गीकरण पद्धत. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे : वाचकाचा वेळ वाचवा. वेब डेव्हलपरच्या टेबलासमोर चिकटवून ठेवावा असा नियम.

सुट्टीतला अभ्यास

ज्यांना हे खरंच करायचं आहे त्यांच्यासाठी क्रम देते. सहा आठवड्यांत आरामात होतं.

पहिला आठवडा : लायब्ररीत दोन दुपारी बसा आणि एका पुस्तकाचा गठ्ठ्यापासून कपाटापर्यंतचा प्रवास लिहून काढा.
दुसरा : मराठी कपाटातली शंभर पुस्तकं हातात घेऊन देवनागरी युनिकोडमध्ये यादी करा. नाव मुखपृष्ठावरून नको, आतल्या शीर्षकपानावरून घ्या.
तिसरा : आयएसबीएन तपासा, ओपनरिफाइनने नावं साफ करा.
चौथा : पुस्तक, प्रत, लेखक, लेखकाची नावं ही चार टेबलं करा. एसक्यूलाइट पुरेल.
पाचवा : शोधरूपाचं फंक्शन आणि साधं शोधाचं पान. पायथन किंवा पीएचपी, जे येत असेल ते.
सहावा : पान ग्रंथपालांना, कॅन्टीनमधल्या मावशींच्या शाळकरी मुलाला आणि हॉस्टेलमधल्या पाच जणांना वापरायला द्या. ते काय टाइप करतात ते फक्त बघा, मध्ये बोलू नका. 'सापडलं नाही' असं आलेला प्रत्येक शब्द वहीत लिहा. ती वही म्हणजेच तुमच्या पुढच्या व्हर्जनचं काम.

आणि हे कॉलेजपुरतं ठेवायचं कारण नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे अजून दाखल नोंदवही आणि ग्रंथपालांची स्मरणशक्ती यावरच कारभार चालतो. दिवाळीच्या सुट्टीत शंभर पुस्तकांची यादी तिथेही होऊ शकते. ग्रंथपालांना आधी विचारा, त्यांच्या पद्धतीला नावं ठेवू नका, आणि केलेल्या यादीची एक्सेल प्रत त्यांच्याकडेच ठेवून या. आपण पास होऊन निघून जाऊ, यादी तिथे राहायला हवी.

आपल्या लायब्ररीतलं मराठी कपाट रीडिंग रूमच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला शेवटचं, ८९१.४६. ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी दुपारच्या सुट्टीत देवघेव काउंटरवर नाव द्यावं. येताना एक वही आणा. लॅपटॉप नसला तरी चालेल, पहिल्या आठवड्यात त्याचं काही काम नाही.